घोटीच्या बाजारात वाचलेलं नाव

नाशिकरोड
९ जानेवारी २००५

चैताली,

पत्राची सुरुवात भांडणाने करू नका, असं तुझी आई स्वयंपाकघरातून सांगते आहे. म्हणून खुशालीने करतो. आम्ही दोघं बरे आहोत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर अजून पडते. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण ती मला विसरलेली नाही. खुशाली संपली.

काल बिटकोजवळच्या सायबर कॅफेत दीड तास बसलो. तुमच्या वेबसाइटची दोन्ही पानं उघडून वाचली. एक इथल्या लोकांसाठी मराठीत, जे तू सांभाळतेस. दुसरं परदेशातल्या वाचकांसाठी इंग्रजीत, जे तुझ्या शेजारच्या टेबलावर तयार होतं. घटना एकच. सातपूरच्या बाजूला गोदामाची नवी भिंत दुपारी भाकरी खायला बसलेल्या मजुरांवर कोसळली. त्यापलीकडे त्या दोन पानांत काहीही एक नाही.

मराठी पानावर सहा ओळी. भिंत कोसळून दोन मजूर ठार. तिसराही दगावल्याचा एका नातेवाईक महिलेचा दावा. चौकशी सुरू. संपलं. वर एका नव्या वसाहतीतल्या फ्लॅटची जाहिरात, तीही हलती. खाली द्राक्षांच्या निर्यातीचं कौतुक.

इंग्रजी पानावर तीच 'एक महिला' चेहऱ्यासकट बसलेली आहे. तिचं नाव नवसाबाई काळू मेंगाळ. राहणार उंबरपाडा, घोटीच्या वरच्या डोंगरात. तिचा भाऊ भिका सोमा गांगड त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याबरोबर कामावर आला होता, म्हणून हजेरीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं. वहीत नाही तो मेलाही नाही, असं मुकादमाने ठरवलं. त्याच दुपारी प्रेत टेम्पोत घातलं, बहिणीला शेजारी बसवलं आणि पाड्यावर पाठवून दिलं. ताप येऊन गेला असं सांगायचं, ही ताकीद वर. संध्याकाळच्या आत भिका जळूनही गेला. हे सगळं तिथे तिच्या तोंडून आलं आहे.

आता मला सांग, हे न्यू जर्सीतल्या माणसाला कळायला हवं आणि घोटीतल्या माणसाला नको? ज्या देशात भिंत पडली त्या देशाला सहा ओळी, आणि जिथून धूळसुद्धा दिसत नाही तिथे संगणकाचे दोन पडदे भरून? तिकडच्या वाचकाला हळहळायला माणूस लागतो म्हणून तुम्ही माणूस दिलात. इकडच्या वाचकाच्या हातात तो माणूस दिला तर तो उद्या रस्त्यावर उतरेल, म्हणून लपवलात. मी तुला इंग्रजी शिकवलं ते यासाठी नाही. सकाळी चहाबरोबर इंग्रजी पेपरचं अर्धं पान मोठ्याने वाच आणि मराठीत सांग, नाहीतर शाळेत जायचं नाही, हा आपल्या घरचा नियम होता. तू रडत वाचायचीस, पण एक ओळ गाळायची नाहीस. गाळायला कधी शिकलीस?

गोरक्षने तुला मोटारसायकलवर बसवून पाड्यावर नेलं होतं, हे मला माहीत आहे. युनियनचा माणूस, त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणजे ती बाई तूच शोधलीस. तूच तिच्या ओट्यावर बसलीस. मग तुझ्याच पानावर ती बिननावाची कशी झाली?

माझी पद्धत तू लहानपणापासून पाहिली आहेस. सभेत मी आधी नाव घेतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव. लोक उभे राहतात. मग मी बोलायला लागतो. माझ्या आज्याला सरकारी कागदावर नाव नव्हतं, जात होती आणि तिच्यापुढे एक आकडा होता. म्हणून नाव पूर्ण घ्यायचं, मोठ्याने घ्यायचं आणि उभं राहून ऐकायचं.

पुढच्या बाजाराला घोटीत आमची सभा आहे. इंग्रजी पान छापून घेतलं आहे. तुम्ही ते घोटीत पोहोचवलं नाहीत. मी पोहोचवतो.

बाबा


नाशिकरोड
१७ जानेवारी २००५

चैताली,

सभा झाली. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो.

बाजार भरलेला होता. तांदळाची पोती उतरवणारे हमालसुद्धा थांबले. मी कागद उघडला आणि इंग्रजीतून सरळ मराठी करत वाचला, एकही ओळ न गाळता. भिका सोमा गांगड म्हटलं आणि लोक उभे राहिले. मग म्हटलं, त्याची बहीण जिवंत आहे आणि ती खरं बोलली आहे. तिचंही नाव घेतो. नवसाबाई काळू मेंगाळ, उंबरपाडा. या नावासाठीही उभे राहा, मेलेल्यांसाठी तर आपण नेहमीच उभे राहतो. चैताली, मी चाळीस वर्षं बोलतो आहे. एवढी शांतता मी कमी वेळा ऐकली. कांदे विकणारी एक म्हातारी तराजू हातात धरून उभी होती.

चहाच्या टपरीवर एक माणूस तेवढा बसून राहिला. गोरक्षने मागाहून सांगितलं, तोच लहानू मुकादम, हजेरीची वही लिहिणारा. त्याने कप संपवला, पैसे दिले, माझ्याकडे बघून हात जोडले आणि गेला. मला वाटलं, शरमला.

परतताना गोरक्ष खिडकीबाहेर बघत बसला होता. मी विचारलं, भाषण आवडलं नाही का रे? तो म्हणाला, "दादा, भाषण एक नंबर. पाड्याचं नाव तेवढं पोटात ठेवायचं होतं." मी त्याला म्हटलं, तू युनियनमध्ये राहून भित्रा झालास.

सभेच्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता, असं तुझी आई म्हणते. मी गाडी पकडायच्या घाईत होतो. काय निरोप होता तो नीट कानावर पडला नाही.

बाबा


नाशिकरोड
६ मार्च २००५

चैताली,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. ते खिशात घेऊन फिरतो आहे. आधी तिकडची हकिगत सांगतो.

दरवर्षी पौष संपला की लहानूचा ट्रक उंबरपाड्याला येतो आणि माणसं भरून पिंपळगावकडे द्राक्षांच्या बागांवर नेतो. बावीस घरं आहेत. पावसाळ्यातला भात चार महिने पुरतो, पुढचे महिने त्या ट्रकवर जातात. यंदा ट्रक आला, पाड्याजवळ हळू झाला आणि थांबला नाही. पुढच्या पाड्यावर जाऊन भरला. लोक गाठोडी घेऊन रस्त्याला बसले होते, ते तसेच उठून घरी गेले. लहानूने कुणाला शिवी दिली नाही, दम दिला नाही. आमच्या भाषणांत धमकी देणारा मुकादम असतो, हात उगारणारा गुंड असतो. नुसता न थांबणारा ट्रक आमच्या भाषणात कधी आला नव्हता.

मग पाड्याने काय केलं ते ऐक. नवसाबाईलाही कुणी काही बोललं नाही. ती हातपंपावर आली की बाकीच्या बाया हंडे उचलून बाजूला उभ्या राहतात, ती पाणी भरून गेली की परत येतात. एका लग्नात तिला अक्षता दिल्या नाहीत. नवरा काळू तीन आठवडे झाले त्याच्या बहिणीकडे जाऊन राहिला आहे. हे सगळं गोरक्षने सांगितलं. तो तिकडे तांदूळ घेऊन गेला होता. तिने घेतला नाही.

ही अवस्था कुणी आणली? मी पहिल्यांदा तुमच्या पानाला जबाबदार धरलं, मग कंत्राटदाराला, मग एकूण व्यवस्थेला. तशी तीन भाषणं मनात तयारही झाली. तुझी आई म्हणाली, तुमच्या भाषणांना धरणासारखे दरवाजे बसवायला हवे होते, एखादा तरी बंद करता आला असता.

आता तुझ्या चार ओळी. तुला त्या पाठ असतील, तरी इथे उतरवून काढतो, कारण लिहिताना हाताला त्या जास्त लागतात.

"बाबा, मराठी पानावरचं नाव मी काढलं. तिनेच सांगितलं होतं, इकडं नाव नको. इंग्रजी टेबलाने माझ्या टिपणातून ते उचललं. मी भांडले, तेव्हा ते म्हणाले, घोटीत हे पान कोण वाचणार आहे? त्यांचं खरं होतं. ते पान घोटीला नेणारे तुम्ही एकटेच होतात."

यावर माझ्याकडे उत्तर आहे. खूप उत्तरं आहेत. ज्या नावाला झाकून ठेवावं लागतं त्या नावाचं रक्षण होत नाही, गुलामी चालू राहते, हे मी वीस उदाहरणं देऊन सिद्ध करू शकतो. पण आज करत नाही.

एक मागणं आहे. त्या इंग्रजी पानावर आता हेही छापून आणा की तिला वाळीत टाकलं आहे. ज्यांनी तिचं दुःख दोन पडदे भरून वाचलं त्यांना पुढचंही कळू दे. एवढं तरी करतील की नाही?

बाबा


नाशिकरोड
२१ जून २००५

चैताली,

तू उत्तर दिलं नाहीस, पण तुझ्याबरोबर काम करणाऱ्या तृप्तीला मी फोन केला होता. ती म्हणाली, इंग्रजी टेबलाला तू विचारलंस आणि त्यांनी सांगितलं, ती बातमी जुनी झाली, तिकडचा वाचक एकाच भिंतीकडे दोनदा बघत नाही. आणि म्हणाली की तू मे महिन्यातच राजीनामा दिलास. मला हे तिच्याकडून कळावं?

तेव्हा परवा काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार.

चौकशी अधिकाऱ्यापुढे नवसाबाईचा जबाब होता. भिका त्या भिंतीखाली होता हे सांगणारी जगात ती एकटी. बाकीच्या मजुरांनी आधीच मान हलवून नाही म्हटलं होतं. ती हो म्हणाली असती तर भिका कागदावर मेला असता. म्हातारी आई आहे त्याची, तिला काही मिळालं असतं, आणि वही लिहिणाऱ्यालाही प्रश्न विचारला गेला असता. मी आणि गोरक्ष दाराशी बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं.

ती काळूबरोबर आली. तो परत आला होता. त्यांच्या मागे पाड्यातली दहा-बारा माणसं. सगळी एकाच जीपमधून उतरली. जीप कुणाची ते गोरक्षने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अधिकारी सभ्य होता. सावकाश विचारत होता.

"तुमचा भाऊ त्या दिवशी कामावर आला होता?"

"नाय."

"मग कुठे होता?"

"घरी. ताप हाय म्हनला."

"टेम्पोतून कुणाला नेलं?"

"कुनाला नाय."

तिने अंगठा उठवला. शाई पुसायला कुणी फडकं दिलं नाही, तिने लुगड्याला पुसली. बाहेर येताना माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं. पुढच्या पौषानंतर ट्रक परत पाड्यावर थांबेल, हे मला तेव्हाच कळलं.

संध्याकाळी कॅफेत गेलो. तुमचं, म्हणजे आता तुझं नसलेलं, मराठी पान उघडलं. 'तिसरा मजूर नव्हताच: नवसाबाई मेंगाळ यांचा जबाब.' मथळ्यातच नाव. खाली पाडा, तालुका, सगळं. खरं बोलत होती तेव्हा 'एक महिला' होती. खोटं बोलायला लावलं तेव्हा तिला आपल्या पानावर पूर्ण नाव मिळालं. तू असतीस तर हे होऊ दिलं नसतंस, एवढं मला कळतं.

मग इंग्रजी पान शोधलं. ते नाही. तीन वेळा शोधलं. पान सापडत नाही, असं पडद्यावर येतं. दुजोरा मिळाला नाही म्हणून काढून टाकलं असणार. माफी नाही, खुलासा नाही. तिकडच्या लोकांच्या दृष्टीने ती बाई कधी नव्हतीच.

म्हणजे भिकाचं नाव हजेरीत नाही, जबाबात नाही, आता त्या पानावरही नाही. जगात ते एकाच कागदावर आहे, आणि तो माझ्या पिशवीत आहे.

बाबा


नाशिकरोड
४ डिसेंबर २००५

चैताली,

तू नाशिकला येऊन गेलीस आणि घरी आली नाहीस, हे कळलं. आईला स्टँडवर भेटलीस, ते बरं केलंस. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, म्हणून मीच ओळखलं.

हे पत्र लिहायला पाच महिने लागले. एक गोष्ट मी खोटी लिहिली होती. सभेच्या सकाळचा तुझा निरोप मी ऐकला होता. शब्दन् शब्द ऐकला होता. तुझी आई माझ्या आणि दाराच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "पोरगी म्हणते बाईचं नाव वाचू नका, तिने हात जोडून सांगितलंय." मी चप्पल घालत होतो. मी म्हणालो, "पोरगी आता त्यांची भाषा बोलायला लागली." आणि निघालो. गाडीत मला एकदासुद्धा शंका आली नाही. घाई नव्हती. मी वीस मिनिटं आधी स्टेशनवर पोहोचलो होतो.

इकडचं पान लपवतं आणि तिकडचं पान खरं सांगतं, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. इकडच्या पानात कुणीतरी माणूस वाचवण्यासाठीही गाळतो, आणि तिकडचं पान धाडसी दिसतं कारण तिथून ट्रक जात नाही, हे मला सुचलं नाही. मला, ज्याने तुला वर्तमानपत्र वाचायला शिकवलं.

काल मी एकटा पाड्यावर गेलो. भात झोडून झालं होतं. ती अंगणात नागली पाखडत होती. मी माफी मागायला गेलो होतो आणि तिथे उभा राहिल्यावर मला बोलता येईना. हे वाचून तू हसशील. हस.

तिने तांब्यात पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "बाई, चूक माझी होती." ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "तुमची पोर बरी हाय?" मी हो म्हटलं. "ती म्हनली व्हती, इकडं नाव यायचं नाय. तिनं आनलं नाय."

मी पिशवीतून तो कागद काढला. घड्यांवर झिजला होता. तिने सूप खाली ठेवलं आणि आपला फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"ह्ये किती लोकांनी वाचलं आसंल, तिकडं?"

"हजारोंनी."

"समद्यांला माझं नाव ठावं?"

"हो."

"आन एकानं बी हाक नाय मारली," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही मारली. भर बाजारात."

मी तांब्या खाली ठेवला.

तिने विचारलं, यात भिका कुठं हाय. मी बोट ठेवून दाखवलं, चार ठिकाणी. मग विचारलं, आन मी? तेही दाखवलं, सहा ठिकाणी. तिने प्रत्येक ठिकाणी नखाने कागद कुरतडून आपलं नाव काढलं. फोटोतला चेहराही काढला. सावकाश, नागलीतले खडे वेचावेत तसं, शेजारचं अक्षर फाटू न देता. ते तुकडे चुलीत टाकले. उरलेला भोकाभोकांचा कागद घडी करून कमरेला खोचला.

मी म्हटलं, "तो एकच कागद आहे."

"मंग माझ्याकडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही वाचता."

बाबा


नाशिकरोड
१६ एप्रिल २००६

चैताली,

चौदा एप्रिलला वस्तीत नेहमीप्रमाणे सभा होती. मी नको म्हणत होतो. सगळ्यांनी येऊन धरून नेलं. तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे ती पिशवी ठेवून बसली होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मी माइकपुढे गेलो. लोकांना सवय आहे, मी बोलायच्या आधीच उभे राहिले. आज कुणाचं नाव, म्हणून वाट बघायला लागले.

माझ्याकडे एकच नाव होतं. वर्षभर दुसरं नाव तोंडात आलेलं नाही. आणि ते मोठ्याने घेतलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता की एक बाई अधिकाऱ्यापुढे खोटं बोलली. ट्रक आता पाड्यावर थांबतो. बावीस घरं त्यात बसतात. तीही बसते.

मी तोंड मिटून उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हातारा नाव आठवतो आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, सांगा की." ते तसेच उभे होते, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, पांढरे कपडे घातलेली माणसं. मी मनात म्हटलं, भिका सोमा गांगड. मग खाली उतरलो आणि आईशेजारच्या खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

ते अजून उभेच होते.

बाबा